‘कष्टाळू, प्रेमळ, सोशिक’ एवढ्यात आजी मावत नाही

प्रश्न : ताई, माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गेल्या वर्षी वारली. आमचं गाव माण तालुक्यात. वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका छापून पाहुण्यांना द्यायचं घरात ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. काकांनी मजकूर दिलाय तो असा : ‘आमच्या मातोश्री अत्यंत कष्टाळू, प्रेमळ, सोशिक व धर्मपरायण होत्या. अनंत हालअपेष्टा सोसून त्यांनी मुलांना वाढवले व पतीला खंबीर साथ दिली.’ यात खोटं काही नाही, पण वाचताना आजी कुठे दिसत नाही. दुसरी अडचण वयाची. आधार कार्डावर १ जानेवारी १९३८ आहे, म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर ८७ लागलं. आजी मात्र सांगायची की जळितात थोरल्या आत्या तिच्या काखेत होत्या. आजोबा मुंबईला गिरणीत होते, संपानंतर गावी आले. आजी शाळेत गेली नव्हती. तिच्या हातचं लिहिलेलं काहीच नाही. कुठून सुरुवात करू?
— एक नात, पुणे

उत्तर : वयापासूनच कर. तुझ्या पत्रात आजीचं स्वतःचं असं एकच वाक्य आलंय आणि तेच सगळ्यात मोलाचं आहे. ‘जळितात थोरली काखेत होती.’

जळीत म्हणजे गांधीजींच्या खुनानंतरचं. ३० जानेवारी १९४८ ला खून झाला आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बायका इंग्रजी साल सांगत नाहीत, ‘जळिताचं साल’ म्हणतात, आणि त्या हिशोबात सहसा चुकत नाहीत. आता मांड. काखेतलं मूल म्हणजे सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतचं. आत्यांचा जन्म १९४६ किंवा ४७ चा. १९३८ चा जन्म धरला तर आजीला आठव्या-नवव्या वर्षी मूल झालं असं होतं, ते शक्यच नाही. पहिल्या बाळंतपणाला आजी पंधरा-सोळाची असेल तर तिचा जन्म १९३०-३१ च्या आसपासचा. म्हणजे तुझी आजी ८७ ची नव्हे, चौऱ्याण्णव-पंचाण्णवची होऊन गेली. पुस्तिकेत वय लिहिताना हा हिशोबही लिही. एका ओळीत त्या पिढीचं सगळं जगणं दिसेल.

१ जानेवारीने गोंधळू नकोस. जन्मतारखेचा पुरावा नसला की सांगितलेल्या वयावरून साल धरतात आणि तारीख १ जानेवारी पडते. शाळेत गेलेल्यांची गत तीच, तिथे मास्तरांनी घातलेली १ जून. मी प्राथमिक शाळेत नोकरी केली. जनरल रजिस्टरमध्ये १ जूनच्या ओळीच्या ओळी पाहिल्या आहेत.

कागद हवाच असेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुकं असतात, गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूची नोंद. मात्र आत्यांची नोंद तुमच्या गावात शोधू नकोस, आजीच्या माहेरच्या गावात शोध, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. अर्जात गाव, अंदाजे साल आणि बापाचं नाव लागेल. आजीची स्वतःची नोंद १९२८ ते ३३ या सालांत तिच्या वडिलांच्या नावाने पाहा. नोंद बारशाआधी होत असल्याने बऱ्याचदा मुलीचं नाव नसतं, बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगी’ एवढंच. जुनी पानं मोडीत असतील तर वाचणारा माणूस बरोबर ने.

आता काकांच्या मजकुराबद्दल. काकांनी मनापासून लिहिलंय, त्यांना दुखवू नकोस. पण ‘पतीला खंबीर साथ दिली’ हे वाक्य बदलायलाच हवं. आजोबा मुंबईला होते. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. जळिताआधी लग्न झालेलं आणि संपापर्यंत नवरा मुंबईत, म्हणजे तीस-पस्तीस वर्षं ते घर आजीने एकटीने चालवलं. पेरणी कधी, बैल कुणाचा मागायचा, मुलगी कुठे द्यायची, उसनं कुणाकडून आणायचं, हे सगळं तिने ठरवलं. माण-खटावच्या किती घरांत हेच होतं! पुरुष गिरणगावात खोलीवर, जेवायला खानावळ, गावी यायचे दिवाळीला, शिमग्याला नाहीतर शिंगणापूरच्या जत्रेला. गावातलं घर, रान आणि म्हातारे सासूसासरे बाईकडे. अशा बाईला ‘साथ देणारी’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. साथ दिलीच असेल तर ती आजोबांनी दिली, मनिऑर्डर पाठवून.

त्या मनिऑर्डरबद्दल वडिलांना विचार. पोस्टमन कुठे बसायचा, अंगठा कुठे उमटवायचा, कुपनावरच्या दोन ओळी तिला कोण वाचून दाखवायचं, आलेल्या पैशातून आधी कुणाचं देणं भागायचं. आणि ज्या महिन्याला मनिऑर्डर आली नाही त्या महिन्याला काय झालं, हे जरूर विचार. तुझे वडील तेव्हा पोरगे असतील, त्यांना आठवेल. तिला वाचता येत नव्हतं, म्हणजे नवऱ्याचं प्रत्येक पत्र तिने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. मनातलं काही कळवायचं तर तेही दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचं. तीस वर्षांत त्या दोघांना एकमेकांशी खाजगी असं एक वाक्यही कागदावरून बोलता आलं नसेल. माझा जीव या गोष्टीवर फार अडकतो. मला वाटतं, तुझ्या पुस्तिकेतही हे यावं.

संपानंतर आजोबा परत आले तेव्हा घरात काय झालं हेही विचार. संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि कितीतरी जण आपल्यासारख्या गावांत परतले. इतकी वर्षं कारभार एका हाती असलेल्या बाईच्या घरात उतारवयातला नवरा कायमचा राहायला आला. तो सुखाचा काळ होता की अवघड, की दोन्ही? आत्या सांगतील.

आणि बहात्तर. माणच्या बाईचं आयुष्य बहात्तरच्या दुष्काळाशिवाय लिहिता येत नाही. ‘अनंत हालअपेष्टा’ काढून टाक आणि तिथे बहात्तर लिही. माझी आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, म्हणून मला हे डोळ्यांनी ठाऊक आहे. दगड हातून निसटू नये म्हणून ती चिंध्यांची चुंबळ करायची, त्या चुंबळीत दगड धरायचा आणि वरून हातोडी. चुकार घाव डाव्या हाताच्या बोटांवर बसायचा. तिच्या अंगठ्याचं नख नंतर कधी सरळ आलं नाही. मोजमापाच्या दिवशी मुकादम ढीग मोजायचा आणि त्यावर हप्ता. पोरांना सुकडी मिळायची, आम्ही ती कोरडीच तोंडात टाकायचो. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी थापताना चिरायची, आई गरम पाण्यात पीठ मळायची तरी कडा फाटायच्या. आई ती भाकरी आधी आम्हाला द्यायची आणि स्वतः चुलीकडे तोंड करून जेवायची. ती किती खाते हे आम्हाला दिसू नये म्हणून, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

तुझी आजीही त्या साली कुठल्या तरी कामावर गेलीच असेल. रस्ता, पाझर तलाव, नालाबंडिंग, काय असेल ते शोधून काढ. ते काम अजून गावाच्या शिवारात असेल. तिथे जाऊन उभी राहा, फोटो काढ आणि खाली लिही : हा तलाव खोदणाऱ्यांत आमची आजी होती. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. त्याच्या मागे त्या बायकांनी फोडलेली खडी आहे.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे चारच्या सुमाराचा. त्या पहाटे आजी कुठे होती, कुणाला उचलून बाहेर पळाली, हे घरात कुणाला तरी ठाऊक असेल. दोन ओळी पुरेत.

दोन गोष्टी विचारायला अवघड जातील, पण विचार. एक म्हणजे तिचं माहेरचं नाव. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं गेलं असणार आणि पुढची ऐंशीएक वर्षं ती त्याच नावाने राहिली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर दोन्ही नावं छाप. घरात कुणाला माहीत नसेल तर माहेरच्या भावकीत एखादी म्हातारी शोध, आणि हे काम आधी कर, कारण ती म्हातारीही नव्वदीची असेल. दुसरी गोष्ट, गेलेली लेकरं. त्या काळच्या बाईला किती मुलं झाली विचारलं की घरचे जगलेली मोजतात. आई मात्र सगळी मोजते. धाकट्या आत्याला एकटीला गाठून विचार. आजीने तिला कधीतरी सांगितलं असेल. त्यांना नावं नसतील तरी ओळ दे : यांशिवाय तिची इतकी लेकरं लहानपणी गेली.

आजी म्हणून ती तुम्हा नातवंडांना कशी होती, हे तुला मी काय सांगणार? पण तिथेही ‘माया’ हा शब्द न वापरता लिहून पाहा. तुमच्याकडे हुलग्याचं माडगं होत असेलच. पावसात भिजून आल्यावर किंवा सर्दीपडसं झाल्यावर आजी करायची का? मग तेच लिही, तिच्या हातासकट. हुलगे तव्यावर कितपत भाजायची, दळलेलं पीठ थंड पाण्यात कालवून मग आधणात सोडायची की थेट भुरभुरायची, गूळ कधी घालायची, सुंठ किती, दूध वरून की शिजताना. मापं तिचीच ठेव, मूठ, चिमूट, पळी. ग्रॅममध्ये करू नकोस. तुझ्या चुलतीला तिच्यासारखं जमतं का विचार आणि जमत नसेल तर काय वेगळं होतं तेही. पुस्तिका वाचून कुणी घरी माडगं केलं तर आजी त्या घरात गेली असं मी समजेन.

आजी शाळेत गेली नाही म्हणून तिचं काहीच उरलं नाही, असं म्हणू नकोस. ती जात्यावर बसत असेल तर तिला ओव्या येत होत्या. गी पॉइतेवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांचा संग्रह आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे आहे, गाणारीच्या नावागावासह, आणि बऱ्याच ओव्या तिच्याच आवाजात ऐकायला मिळतात. त्या आत्यांना ऐकव. एखादी ओवी ऐकल्यावर ‘ही आई म्हणायची, पण जरा वेगळी’ असं कुणीतरी म्हणेल. ती वेगळी ओवी लगेच उतरवून घे.

सगळं मिळणार नाही. मिळेल तेवढं, मिळेल त्या क्रमाने लिही. काकांचा परिच्छेद शेवटी त्यांच्या नावाने जसाच्या तसा छाप. मुलाने आईला वाहिलेले शब्द आहेत ते, त्यांची जागा तिथे आहे.

प्रश्न : आमची आई ९१ व्या वर्षी गेली. आम्ही दोघे भाऊ, दोन बहिणी. स्मरणिकेत काय घालायचं यावरून ताणाताणी आहे. आईने माहेरच्या जमिनीची हक्कसोड भावांना दिली होती. बहिणी म्हणतात ते लिहा. मोठा भाऊ म्हणतो, मामांना वाईट वाटेल. शिवाय शेवटची वर्षं आई एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे अशी राहायची. ते लिहावं का?
— एक मुलगा, अहिल्यानगर

उत्तर : दोन्ही लिहा. फक्त घडलं तेवढंच लिहा, कुणाला दोष देणारा शब्द नको.

हक्कसोड नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात तारीख मिळेल आणि तलाठ्याकडे फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद असेल. तारीख पाहिलीत की कळेल, त्या साली घरात काय चाललं होतं. १९५६ च्या कायद्याने मुलगी बापाच्या मिळकतीत वारस झाली आणि २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीने हक्क मिळाला. तरी त्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी सही करून दिली. जमीन घेतली तर माहेर तुटेल ही भीती खरी होती. दिवाळीला भाऊ न्यायला यावा, लेकीच्या लग्नात मामाने उभं राहावं, याची किंमत त्यांनी एकर-गुंठ्यांत मोजली. तुमच्या आईने भावांना काय दिलं हे स्मरणिकेत आलं तर मामांचा अपमान होत नाही, आईचा मोठेपणा नोंदला जातो. बहिणींना ते का हवंय हेही समजून घ्या. उद्या हक्कसोडीचा कागद त्यांच्यासमोर येणार आहे, कदाचित आलाही असेल. स्मरणिका छापायला देण्याआधी चौघे एकत्र बसा आणि त्या विषयावर मोकळं बोला.

महिना-महिना राहण्याबद्दल सरळ लिहा : ‘शेवटची वर्षं आई एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे राहिली.’ तिची ट्रंक, औषधांची पिशवी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, काय काय बरोबर जायचं? तिची माळ किंवा तांब्या दोन्ही घरी वेगळा होता का? हे तुम्हाला माहीत आहे, कारण ती पिशवी तुम्हीच उचलत होता. ते लपवलंत तर तिच्या आयुष्यातली शेवटची वर्षंच गाळली जातील, आणि वाचणाऱ्या पाहुण्यांना ती माहीत आहेतच.

प्रश्न : माझं वय ८३. नातू बेंगळुरूला असतो. सुट्टीला आला की मोबाइल पुढे धरतो आणि म्हणतो, आजी, तुझी गोष्ट सांग, मी साठवून ठेवतो. मला काही सुचत नाही. चूल, मूल, रान यापलीकडे मी काय केलंय? त्याचं मन मोडवत नाही, पण सांगू काय?
— एक आजी, इस्लामपूर

उत्तर : मावशी, नातू गुणाचा आहे, पण ‘तुझी गोष्ट सांग’ हा प्रश्नच अवघड आहे, कुणालाही सुचणार नाही. हे उत्तर त्याला वाचायला द्या.

बाळा, आजीसमोर फोन धरून बसू नकोस. ती शेंगा फोडत असेल, भाजी निवडत असेल, वाती वळत असेल तेव्हा फोन शेजारी पालथा ठेव. पंखा बंद कर, नाहीतर नंतर घरघर तेवढी ऐकू येईल. एका वेळी एकच छोटी गोष्ट विचार. लग्न होऊन या घरात आलीस त्या दिवशी काय जेवलीस? जातं कुठे होतं? पाणी कुठून आणायचात, किती खेपा? माझ्या बाबांचा जन्म कुठे झाला, सुईण कोण होती? वीज आली त्या संध्याकाळी घरात कोण कोण होतं? कधी कुठे एकटी प्रवासाला गेलीस का? काय शिकायचं राहून गेलं? ती गप्प झाली तर गप्प बस, मध्ये बोलू नकोस. रडली तर फोन बंद कर आणि जवळ जा. एखादी गोष्ट ‘हे ठेवू नको’ म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाक.

मावशी, आता तुमच्यासाठी. त्याच्या आईला किंवा बाबांना चालणार नाही असं काही सांगावंसं वाटलं तर सांगा, पण हे कधी उघडायचं तेही त्याला सांगून ठेवा. ओव्या येत असतील तर म्हणा, आवाज लागत नसला तरी नुसत्या बोला. आणि चूल, मूल, रान एवढंच केलं म्हणता ना, मग त्या रानापासून सुरुवात करा : बांध कुठून कुठवर होता, विहिरीला पाणी किती पुरुष होतं, कुठल्या तुकड्यात भुईमूग यायचा आणि कुठल्या खडकाळ रानात हुलग्याशिवाय काही येत नव्हतं. ती माहिती आता गावात तुमच्याशिवाय कुणाकडेही नाही.